मामांचं सी हॉक

बालमित्रांनो, फोटो काढायला तुम्हांला आवडतं ना? कुणाला नाही आवडत! मलाही आवडतं. पण आज मी तुम्हांला माझ्या छान फोटोंची गोष्ट सांगणार नाही. माझ्या फसलेल्या एकशे बारा फोटोंची गोष्ट सांगणार आहे. आणि ते फसले हे माझ्या लक्षात कुणी आणून दिलं, तेही सांगणार आहे. एकानं नव्हे, दोघांनी. त्यातले एक माझे पंचाहत्तरीचे मामा आणि दुसरी माझ्या वर्गातली चौथीतली चिमुरडी!

मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेपासून गोवा जवळ. म्हणून एका डिसेंबरात सहल गोव्याला न्यायची ठरली. देवळं, समुद्रकिनारा हे तर झालंच, पण मी हट्ट धरला, "बोगमाळ्याचं नौदलाचं विमान संग्रहालय दाखवायचंच!"

वास्कोजवळ दाभोळी विमानतळ आहे. त्याच्याच शेजारी, बोगमाळ्याच्या रस्त्यावर हे संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. तिथे खरीखुरी विमानं अंगणात उभी करून ठेवली आहेत. एके काळी आभाळात गरजणारी, आता निवृत्त झालेली!

सहलीची बातमी मामांच्या कानांवर गेली. माझे थोरले मामा मालवणजवळच्या एका वाडीत राहतात. १९६८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते नौदलात भरती झाले. वैमानिक म्हणून नव्हे हं! विमानांची देखभाल करणारे मेकॅनिक म्हणून. पंधरा वर्षं त्यांनी 'सी हॉक' नावाच्या लढाऊ जेट विमानांची सेवा केली. आता मधुमेहानं त्यांचा एक डोळा गेला आहे. दुसऱ्या डोळ्यानं भिंगातून थोडंफार दिसतं. डॉक्टर म्हणतात, तेही किती दिवस ते सांगता येत नाही.

त्यांनी मला फोन केला. "गे बाय, गोव्याक जातलंस ना? मगे माझ्या सी हॉकचो एक फोटो हाड. डोळे आसत तवसर बघून घेतंय."

"एक काय, शंभर आणते मामा!" मी म्हटलं.

आणि खरंच शंभरावर आणले की!

सहलीचा दिवस उजाडला. पोरांचा आरडाओरडा, बसमधल्या भेंड्या, दोघातिघांच्या उलट्या... सगळं रीतसर पार पडलं. संग्रहालयात पोचलो तेव्हा भर दुपार झाली होती. विमानं पाहून मुलं वेडावलीच. केवढालं ते चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन! आधी ते प्रवासी विमान होतं, मग समुद्रावर पहारा करायला लागलं. त्याच्यापुढे लढाऊ जेट अगदीच पिटुकली वाटत होती.

मी नवरा-बायकोच्या साठवणीतून घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून कामाला लागले. "चला, ओळीत उभे राहा! बुटके पुढे! हसा बघू!" प्रत्येक विमानापुढे हेच. सी हॉकपुढे तर मी मुलांचे पाच गट केले आणि एकेका गटाचे चार चार फोटो काढले.

एक मुलगी मात्र ओळीत उभी राहीना. ती विमानाच्या मागच्या बाजूला गेली होती आणि वाकून वाकून बघत होती.

"बाई, ह्याचा धूर कुठून निघतो? ह्याला मागं भोकच नाही!"

"नंतर सांगते. आधी फोटोला उभी राहा. बस निघायची वेळ झाली!" मी म्हटलं.

ती बिचारी उभी राहिली. पण फोटोत बघाल तर तिची मान अजून मागेच वळलेली आहे.

पुढच्या रविवारी मी फोटो घेऊन मामांकडे गेले. मामी म्हणाल्या, "चार दिवस वाट बघतायत तुझी." मामा ओटीवर बसले होते. हातात भिंग तयारच होतं. मी एकेक फोटो पुढे ठेवू लागले. मामा एकेक बघत होते. बोलत मात्र काहीच नव्हते. विसाव्या फोटोला त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"पोरां झकास आसत," ते म्हणाले. "पण विमान खंय आसा?"

मी फोटो पुन्हा पाहिले आणि मला घाम फुटला. एकातही अख्खं सी हॉक नव्हतं! कुठे नुसतं नाक, कुठे शेपटीचं टोक. चाकं मुलांच्या पायांमागे गेलेली. दुपारच्या उन्हानं वरचा रंग पांढराफटक आणि पोटाखाली मिट्ट काळोख.

मामांची मालवणी मी आता तुमच्यासाठी जरा सोपी करून सांगते. ते म्हणाले, "हूक दिसत नाही. पंखाचा जोड दिसत नाही. चाकांची खोबण दिसत नाही. बाय, वैमानिकाचे फोटो निघतात, विमानाच्या नाकाचे निघतात. पण माझी सगळी नोकरी त्याच्या पोटाखाली गेली. ते पोट कुणी दाखवतच नाही."

मग थोडं थांबून म्हणाले, "विक्रांतचंही असंच झालं."

मुलांनो, विक्रांत म्हणजे आपल्या देशाची पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. समुद्रात तरंगणारा विमानतळच म्हणा ना! १९९७ साली ती निवृत्त झाली आणि मुंबईत तिचं संग्रहालय केलं गेलं. मी आठवीत असताना मामा आम्हां भावंडांना ते बघायला घेऊन गेले होते. तेव्हा रिळाचे कॅमेरे असत. एका रिळात छत्तीस फोटो. आम्ही पोरांनी हट्ट करून करून बरेचसे फोटो बसमध्ये आणि राणीच्या बागेतच संपवले होते. उरलेले चार मामा म्हणाले, "राहू देत. जहाज कुठे पळून जातंय?" आणि ते चार आम्ही गेटवेवर कबुतरांचे काढले!

पण जहाज गेलं. २०१२ साली ते संग्रहालय बंद झालं आणि २०१४ मध्ये विक्रांत मोडायला काढली. मामांच्या घरात त्यांच्या जहाजाचा स्वतः काढलेला एकही फोटो नाही. कबुतरांचे मात्र चार आहेत.

मी गप्पच झाले. तेव्हाही रीळ संपवणाऱ्यांत मीच पुढे होते. आणि आता पुन्हा तीच चूक!

"मामा, मी परत जाते," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, मी लिहून घेते. काय काय बघायचंय?"

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि माझी वही भरत गेली. चौदा जागा निघाल्या! त्या लिहिता लिहिता मला सी हॉक पहिल्यांदाच कळू लागलं.

मी विचारलं, "मामा, माझ्या वर्गातली एक मुलगी विचारत होती, ह्याचा धूर कुठून निघतो? मागे भोकच नाही म्हणे."

मामा एकदम ताठ बसले. "तिला माझा सलाम सांग! शंभरातला एक जण हे बघतो." मग त्यांनी समजावलं. सी हॉकला एकच जेट इंजिन. ते पोटाच्या मध्यावर. हवा आत घेणारी तोंडं दोन, पंख जिथे अंगाला जुळतात तिथे पुढच्या बाजूला. आणि तापलेला वायू बाहेर टाकणारी नळीही आत दुभंगलेली. तिची दोन तोंडं पंखांच्या मुळाशी, मागच्या बाजूला, एक डावीकडे आणि एक उजवीकडे! त्यामुळे नळ्या आखूड झाल्या आणि शेपटीकडच्या भागात इंधनाला जागा मिळाली. शेपटीला भोक नसतं ते यासाठी.

म्हणजे ती पोर बरोबर जागी बघत होती आणि तिची बाई तिला म्हणत होती, 'फोटोला उभी राहा'! खरं सांगते, मला त्या क्षणी फार लाज वाटली.

जानेवारीतल्या एका रविवारी मी एकटीच निघाले. वास्कोला माझी डी. एड.ची मैत्रीण राहते. तिनं तिच्या मोटारीतून मला संग्रहालयाच्या दाराशी सोडलं. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट काढलं, आत शिरले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि... सगळं धुरकट! भिंगावर बोट फिरवलं तर दव! मोटारीतल्या गार हवेनं कॅमेरा थंड पडला होता आणि बाहेरची दमट हवा लागताच भिंगावर वाफ धरली. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, अगदी तसंच. पुसून उपयोग नसतो, थांबावंच लागतं.

मग काय, पंधरा-वीस मिनिटं मी कॅमेरा बाजूला ठेवून नुसती बघत बसले. आणि बालमित्रांनो, त्या दिवशीची सगळ्यांत चांगली गोष्ट हीच झाली!

शेजारी व्हँपायर होतं. दोन शेपट्यांचं जेट. त्याचं पहिलं उड्डाण १९४३ सालचं. ह्या जातीच्या विमानांचं मधलं अंग लाकडाचं असे. प्लायवूड आणि हलकं बाल्सा लाकूड एकमेकांवर चिकटवून केलेलं. जेट विमान आणि लाकडाचं! पलीकडे अलिझे होतं. त्याला पुढे पंखा आहे, पण तो फिरवणारं इंजिन मात्र जेटच्याच जातीचं, म्हणजे टर्बाइन. ते पाणबुड्या शोधत असे. आणि सी हॅरिअर! त्याच्या अंगाला चार फिरती तोंडं असतात. ती खाली वळवली की विमान सरळ खाली उतरू शकतं. ही विमानं डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात आली आणि मे २०१६ मध्ये निवृत्त झाली. सी हॉकच्या तुकडीचं नाव होतं 'व्हाइट टायगर्स', म्हणजे पांढरे वाघ. तीच तुकडी पुढे सी हॅरिअर उडवू लागली आणि २०१६ पासून मिग-२९ के. विमानं म्हातारी होतात, पण तुकडीचं नाव म्हातारं होत नाही.

भिंग निवळलं. मी मामांची वही उघडली. आधी माहितीच्या फलकाचा फोटो काढला, म्हणजे घरी गेल्यावर 'हे कुठलं बरं?' असा गोंधळ नको. मग चार पावलं, आठ पावलं मागे मागे गेले, अख्खं सी हॉक चौकटीत मावेपर्यंत. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे बारा मीटर! आमच्या शाळेच्या दोन खोल्यांएवढं. मामांनी शिकवलं होतं, सूर्य आपल्या पाठीशी हवा. सकाळचं ऊन तिरपं येतं, म्हणून ते पंखांखालीही शिरतं. दुपारी मला जो काळोख मिळाला होता, तिथे आता रिव्हेटांची ओळ दिसत होती.

तरीही पोटाखाली जरा अंधारच होता. मग मला माझी शाळा आठवली! पिशवीत तक्त्यांसाठी आणलेले पांढरे कागद होते. मैत्रिणीनं वास्कोहून घेऊन दिलेले. पहारेकऱ्याची परवानगी घेऊन मी दोन कागद जमिनीवर पसरले, वर दगड ठेवले. ऊन कागदावर पडलं, तिथून परतलं आणि पोट उजळलं! पहारेकरी म्हणाला, "मॅडम, लोक इथे येऊन स्वतःचे फोटो काढतात. तुम्ही तर त्याचा एक्स-रे काढताय!"

एक सांगायला हवं. शेजारीच नौदलाचा तळ आहे, धावपट्टी आहे. मधूनच एखादं विमान असं गर्जत वर जायचं की छाती थरथरायची. पण कॅमेरा मी तिकडे एकदाही वळवला नाही. जिथे मनाई असते तिथे कॅमेरा खाली, हा नियम. आणि विमानांना हात लावायचा नाही, चढायचं तर नाहीच. समुद्राची खारी हवा आधीच त्यांना खात असते. ऊन, पाऊस आणि मीठ ह्यांच्याशी ती रोज लढत असतात. आपण आणखी त्रास का द्यायचा?

दुपारपर्यंत मी गुडघ्यांवर, कोपरांवर, कधी पोटावरसुद्धा पडून फोटो काढले. साडीला माती लागली. एक छोटा मुलगा आईला म्हणाला, "आई, त्या काकू पडल्या का?"

एकूण फोटो काढले सव्वीस. आधीच्या वेळी एकशे बारा, या वेळी सव्वीस!

सावंतवाडीच्या स्टुडिओतून मोठ्या आकाराच्या प्रती करून घेतल्या आणि पुन्हा मामांची ओटी गाठली. पहिला फोटो, अख्खं सी हॉक. मामांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मग शेपटीखालच्या हुकाचा फोटो आला आणि ते बोलायला लागले.

"विक्रांतच्या डेकवर आडव्या तारा असायच्या. उतरताना हा हूक तारेत अडकला तर विमान थांबणार, नाहीतर पुढे समुद्र! म्हणून रोज हा हूक डोळ्यांत तेल घालून तपासायचा."

मग चाकं, मग पोट. "४ डिसेंबर १९७१," ते म्हणाले. "बंगालचा उपसागर. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेलेले. जहाज पूर्ण वेगानं पळू शकत नव्हतं. तरी सकाळी आठ सी हॉक उडाली, कॉक्स बझारवर हल्ला करायला. मी एकवीस वर्षांचा. विमान उडालं की मेकॅनिकच्या हातात काय राहतं सांग? मोजणं! आठ गेली. मग आभाळाकडे कान लावून बसायचं. एक आलं... दोन आली... आठवं उतरेपर्यंत मी पाणीसुद्धा प्यालो नाही."

"भीती वाटायची?"

"विमानाच्या आत वैमानिक असतो, पण विमान आपल्या हातचं असतं ना बाय! स्क्रू सैल राहिला तर?"

शेवटी पंखाच्या जोडाचा फोटो आला. जहाजावर जागा कमी. म्हणून सी हॉकचे पंख मधून मोडून वर उभे करता येतात, आपण पाखराच्या घडीच्या कागदी पंखांसारखे. त्या जोडाचा मी अगदी जवळून फोटो काढला होता. मामांनी भिंग बाजूला ठेवलं आणि त्या जोडावर आपलं उजव्या हाताचं मधलं बोट टेकवलं.

त्या बोटाच्या पेरावर एक जुना, आडवा व्रण आहे. लहानपणापासून मी तो बघत आले आहे. त्याच हातानं त्यांनी मला काजूच्या बिया फोडून दिल्या, सायकल शिकवताना मागून धरलं. पण मी कधी विचारलं नव्हतं.

"हंयसर," मामा म्हणाले. "ह्याच जागेर."

एवढंच. पण मला पस्तीस वर्षांत मामांबद्दल जे कळलं नव्हतं, ते त्या एका फोटोनं कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी फळ्याला फोटो लावले. आधी त्या मुलीला पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "सहलीत हिनं चांगला प्रश्न विचारला होता आणि मी तिला गप्प केलं होतं. माझं चुकलं. आता उत्तर हीच सांगेल." तिनं फोटोजवळ जाऊन पंखाच्या मुळाशी बोट ठेवलं. "बाई, हितून! दोन्ही बाजूंनी!" मग मी तिला मामांचा सलाम सांगितला. ती इतकी लाजली की बाकाखालीच लपली.

आता आमच्या वर्गात एक नवा खेळ सुरू झाला आहे. घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारायचं, 'तुमचा हात आयुष्यभर कशावर फिरला?' आणि त्या वस्तूचा फोटो काढायचा, नाहीतर चित्र. एकानं आजोबांची होडीची वल्ही आणली, म्हणजे त्यांचं चित्र. जिथे हात धरून धरून लाकूड गुळगुळीत झालं आहे ती जागा त्यानं मोठी करून काढली. एकीनं आजीचं शिवणयंत्र काढलं, पण फक्त पायटा. कारण आजी म्हणाली, "माझं खरं काम पायांनीच केलं."

बालमित्रांनो, सुट्टीत गोव्याला गेलात तर बोगमाळ्याला जरूर जा. स्वतःचा एक फोटो काढा, त्यात काही वाईट नाही! पण मग चार पावलं मागे जा, थोडे वाका, आणि विमानाच्या पोटाखालीही बघा. आणि तुमच्या शेजारी कुणी विचारलं, 'ह्याचा धूर कुठून निघतो?' तर त्याला ओळीत उभं करू नका हं. त्याच्याबरोबर तुम्हीही मागे जाऊन बघा.

मामांच्या ओटीवर आता सी हॉक लावलं आहे. त्यांना ते दिवसेंदिवस अंधुक दिसतं. पण येणाऱ्या जाणाऱ्याला ते बोट ठेवून बरोबर दाखवतात, हूक कुठे, चाकं कुठे आणि पंखाचा जोड कुठे.